सांगलीच्या गावभागातलं जुन्या रेकॉर्डचं दुकान, मास्टर दीनानाथांच्या भक्तांनी जायलाच पाहिजे असं

आधीच सांगून टाकते, नाट्यसंगीताचं वेड असेल आणि त्यातून मास्टर दीनानाथांच्या (म्हणजे लताबाई-आशाताईंचे वडील, गायक नट दीनानाथ मंगेशकर) आवाजावर जीव असेल तर सांगलीच्या गावभागातल्या या दुकानात जाऊन याच. मी कराडला राहते, म्हणजे सांगली काही लांब नाही, पण जुन्या रेकॉर्ड म्हटलं की आपल्याकडं सगळे पुण्या-मुंबईचं नाव घेतात. आता मी नाही घेणार. जुनी पदं मूळ तबकडीवर ऐकायला, हातात घेऊन बघायला आणि पटली तर विकत घ्यायला याच्याइतकी चांगली जागा आपल्या भागात मी तरी पाहिलेली नाही.

दुकानाला पाटी नाही आणि काकांना आपलं नाव कुठं छापलेलं आवडत नाही त्यामुळं मीही देत नाही. गणपती मंदिराच्या बाजूनं गावभागात शिरायचं आणि रेकॉर्डवाले काका कुठं असं विचारायचं, कुणीही दाखवतं. जुना वाडा आहे, त्याचा रस्त्याकडचा सोपा म्हणजे दुकान. गाडी आत न्यायच्या भानगडीत पडू नका, बोळ अरुंद आहे, मंदिराकडं कुठंतरी लावा आणि चालत या.

आत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसतं तर फळ्याच फळ्या. जमिनीपासून हात पोचणार नाही इतक्या उंच, आणि सगळ्या रेकॉर्ड उभ्या लावलेल्या, एकावर एक आडवी रचलेली एकही नाही. हे बघितल्यावरच मला कळलं की माणूस जाणकार आहे, कारण लाखेच्या रेकॉर्डचं, म्हणजे जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीचं, वजन भरपूर असतं, आडवा ढीग केला की खालच्या तडकतात नाहीतर वाकतात. लावण्याची पद्धत पण बघा, कंपनीप्रमाणं नाही, नंबरप्रमाणं नाही, आवाजाप्रमाणं. बालगंधर्वांचे खण वेगळे, हिराबाई बडोदेकर वेगळ्या, अब्दुल करीम खाँसाहेब वेगळे, भजनं कीर्तनं वेगळी, तमाशाच्या लावण्या वेगळ्या. एका बाजूला नंतरच्या काळातल्या लाँग प्ले आणि छोट्या ईपी, त्यात आशाताई भोसल्यांचा मोठा खण (आशाताईंचा जन्म सांगलीचाच, १९३३ चा, त्यामुळं त्यांचा खण दाराजवळ, येणाऱ्याला पहिला दिसेल असा). कॅसेटी मागच्या खोलीत आहेत, त्याबद्दल पुढं बोलते.

बालगंधर्व भरपूर मिळतात, किंमतीही ठीक आहेत, शंभर दीडशेपासून सुरू. काका म्हणाले, "नागठाणं आपल्याच जिल्ह्यातलं की ओ, इकडं घराघरात त्यांच्या रेकॉर्डी असायच्या, माळे साफ करायला काढले की लोक आणून देतात." नागठाणं म्हणजे बालगंधर्वांचं जन्मगाव, पलूस तालुक्यातलं. पण दीनानाथ मिळणं अवघड. एक तर त्यांच्या रेकॉर्ड बालगंधर्वांच्या मानानं कमीच निघाल्या, आणि माणूस १९४२ मध्ये गेला तेव्हा वय अवघं ४१. त्यातून ज्यांच्याकडं आहेत ते सोडत नाहीत. आणि मी तर त्यांच्यासाठीच गेले होते.

सांगलीत दीनानाथ शोधायचे याला माझ्या लेखी एक अर्थ आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा, म्हणजे पहिल्या मराठी नाटकाचा, खेळ केला तो याच गावात, शारदा नाटक लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे. आणि दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ यांनी बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली, पुढं नाटकाचे दिवस फिरले तेव्हा सिनेमाही काढून बघितला, ते सगळं या गावानं जवळून बघितलंय. तेव्हा त्यांचा आवाज कुठं सांभाळून ठेवलेला असेल तर तो इथंच असायला पाहिजे असं मला कायम वाटायचं. आणि होता की!

आता या दुकानाची खरी बात. काका तुम्हाला वाजवून दाखवल्याशिवाय एकही रेकॉर्ड देत नाहीत. म्हणजे थोडी लावली आणि उचलली असं नाही, पूर्ण बाजू, मग उलटी करून दुसरी बाजू. त्यांच्याकडं एचएमव्हीचा १०२ नंबरचा चावीचा पेटीफोन आहे, काळ्या पेटीतला, आणि तो इतका नीट ठेवलाय की चावी भरताना आतल्या स्प्रिंगचा करकर आवाजसुद्धा येत नाही. प्रत्येक बाजूला नवी पिन. जुनी पिन काढून एका तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकतात, परत वापरत नाहीत म्हणजे नाहीत. मी म्हटलं काका एका बाजूला एक पिन म्हणजे खर्च केवढा, तर म्हणाले, "पिन स्वस्त हाय, आवाज न्हाई." याचं कारण असं की लाखेच्या रेकॉर्डमध्ये नुसती लाख नसते, त्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. त्या खरबरीत रेघेतून जाताना स्टीलची पिन झिजते आणि टोकाला धार येते, तीच पिन पुढच्या बाजूला लावली की ती धार रेघ कापत जाते. आजोबांच्या काळच्या कितीतरी रेकॉर्ड नुसत्या खरखरतात त्या यामुळंच, घरोघरी एकच पिन महिनोन्महिने चालवली.

दुसरं म्हणजे वेग. अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड म्हणतो आपण, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, पण सुरुवातीच्या काळातल्या रेकॉर्ड अगदी ७८ वरच भरलेल्या नसायच्या, थोडं मागंपुढं असायचं, आणि वेग बदलला की स्वर बदलतो. नेटवर ऐकताना काही गायकांचा आवाज चिरका, घाईघाईत असल्यासारखा वाटतो त्यात बऱ्याचदा गाणाऱ्याचा दोष नसतो, कुणीतरी चुकीच्या वेगावर भरून चढवलेलं असतं. काकांच्या पेटीफोनला वेगाचा काटा आहे. शेजारी पायपेटी ठेवलीय तिच्यावर ते एक सूर धरतात, दोन तीनदा काटा इकडंतिकडं करतात, आणि मग एका ठिकाणी आवाज असा जागेवर बसतो की ज्याचं नाव ते. तोपर्यंत कुणीतरी दुसराच गात होता, आता माणूस समोर येऊन बसला.

अब्दुल करीम खाँसाहेबांची अगदी सुरुवातीच्या काळातली एक तबकडी त्यांनी अशी लावली. विकायची नाही ती, ऐकायची फक्त. त्या काळच्या रेकॉर्डला मायक्रोफोन नसायचा, कर्ण्यात तोंड घालून गायचं, विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं. रेकॉर्डचा मूळ साचा जर्मनीत हॅनोव्हरला जायचा आणि तिथून रेकॉर्ड छापून बोटीनं परत यायच्या, म्हणून गाणारे शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगायचे, तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळावं. गायिका गौहरजाननं १९०२ मध्ये कलकत्त्याला असंच नाव सांगितलं ते प्रसिद्धच आहे. पण हे वाचणं वेगळं आणि सव्वाशे वर्षांमागचा आवाज खोलीत घुमणं वेगळं. मी हात जोडून बसले होते. खाँसाहेब तर इथून हाकेच्या अंतरावर मिरजेच्या दर्ग्यातच आहेत, १९३७ मध्ये मद्रासकडं प्रवासात वारले आणि त्यांना मिरजेला आणलं. सांगलीला रेकॉर्डसाठी गेलात तर तसंच पुढं मिरजेला जाऊन दर्ग्यात डोकं टेकवून या, आणि सतारमेकरांच्या दुकानांवरून एक चक्कर मारा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेही लक्षात असू द्या.

मिरजेचं आणखी एक कारण आहे. काकांच्या पेट्यांचं लाकूडकाम आणि पॉलिश तिथलेच एक कारागीर करतात, तंबोऱ्याला करतात तेच लाखेचं पॉलिश. त्यावरून काकांनी मला एक गोष्ट समजावली जी प्रत्येक रेकॉर्डवाल्यानं लिहून ठेवावी. पॉलिशवाले लाख कशात विरघळवतात, तर स्पिरिटमध्ये. मग लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं पुसली तर काय होणार? वरचा थर सुटणार, गाणं गेलं. लाँग प्ले पुसायचं म्हणून जे लिक्विड मिळतं त्यात बऱ्याचदा अल्कोहोल असतं, ते लाखेच्या रेकॉर्डला चुकूनही लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, रेघेच्या दिशेनं गोल पुसायचं, मधलं लेबल कोरडं ठेवायचं. बास.

आणि आता पूर. सांगलीवर लिहायचं आणि पुरावर नाही असं होऊच शकत नाही. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे विचार करा. गावभागात किती पाणी होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. काका काकूंनी आणि गल्लीतल्या पोरांनी मिळून वरच्या माळ्यावर जेवढं नेता आलं तेवढं नेलं, पण खालचे खण राहिले. लाखेच्या रेकॉर्ड जड, एका वेळी किती उचलणार. पाणी उतरल्यावर बघितलं तर कागदी पाकिटांचा लगदा झालेला आणि सगळीकडं गाळ. कॅसेटी तर गेल्याच, त्यांच्या फितीत गाळ बसला की काही करता येत नाही. पण तबकड्या गेल्या नाहीत! काकूंनी एकेक रेकॉर्ड घमेल्यात स्वच्छ पाण्यानं धुतली आणि स्वयंपाकघरातल्या ताटांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवली. तो स्टँड अजून दुकानात आहे, मी बघितला. काही रेकॉर्डची खरखर वाढली, काही तडकल्या, पण बहुतेक वाजतात.

गेलं काय तर लेबलं. मधलं गोल कागदी लेबल भिजून सुटलं, त्याबरोबर गाणाऱ्याचं नाव, पदाचं नाव सगळं वाहून गेलं. अशा नुसत्या काळ्या, नाव नसलेल्या रेकॉर्डचा काकांनी एक वेगळा खण केलाय. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तोपर्यंत ते शहाणे झाले होते, सगळं आधीच वर नेलं, त्यामुळं या खणात भर पडली नाही. आणि या खणाचा नियम मला इतका आवडला की सांगूनच टाकते. येईल त्यानं बसायचं, ऐकायचं, आणि ओळखायचं. ओळखलं की काका त्यावर चिठ्ठी चिकटवतात आणि ओळखणाऱ्याला ती रेकॉर्ड घ्यायचा पहिला मान. आकाशवाणीत काम केलेले, भजनी मंडळातले, जुने ऑर्गनवाले, कुणी कुणी येऊन बसतात आणि नावं परत लावून देतात. मला तर हे दुकान या एका खणासाठी पाच पैकी पाच वाटतं.

मी दुपारभर त्या खणाशी बसले होते. कीर्तन निघालं, शहनाई निघाली, एक कुठलीतरी विनोदी संवादाची रेकॉर्ड निघाली ज्यावर काकू आतून हसायला लागल्या. मग काकांनी एक लावली, कडेला छोटा टवका गेलेला, सुरुवातीला नुसती खरखर, मग ऑर्गनचा सूर, तबला, आणि आवाज आला. अहो पहिल्या ओळीचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत मी उठून उभी राहिले. परवशता पाश दैवे! दीनानाथ! रणदुंदुभिमधलं पद, १९२७ चं नाटक, वीर वामनराव जोशींचं, चाल वझेबुवांची. मी हे पद किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही पण ते फोनवर, यूट्यूबवर, कुणीतरी खरखर काढायच्या नादात आवाजाची कडही तासून टाकलेलं. इथं ती कड होती. ती तान वर जाते ना, दमदार आलापी न करता एकदम झेप घेऊन तारसप्तकात, आणि तिथून वाकडी वळणं घेत खाली येते, त्यातला प्रत्येक दाणा सुटा ऐकू येत होता. श्वास घेतलेला कळत होता. त्यांच्या गाण्यात जी आक्रमक धार आहे, आत्ता या क्षणी सुचलं म्हणून गातोय असा जो बेदरकारपणा आहे, तो तासलेल्या फायलीत मरतो. मी रडले, उघड सांगते. काका काही बोलले नाहीत, बाजू संपल्यावर पिन बदलली आणि परत पहिल्यापासून लावली.

मग त्यांनी वही काढली. मधल्या गुळगुळीत भागात, गाणं संपतं तिथं, बारीक नंबर उमटवलेला असतो, तो लेबल गेलं तरी राहतो. काकांनी आयुष्यभर हाताखालून गेलेल्या रेकॉर्डचे नंबर, पद, गाणारा असं सगळं उतरवून ठेवलंय, जुन्या हिशेबाच्या लाल वह्यांत, शाईच्या पेनानं. भिंग घेऊन रेकॉर्ड उजेडाकडं तिरकी धरली, नंबर वाचला, वहीत बोट फिरवलं आणि मान हलवली. बरोबर. लगेच चिठ्ठी लिहून चिकटवली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "घ्या ताई, तुमचीच हाय ही."

बाराशे रुपये घेतले. लेबल शाबूत असतं तर किती सांगितले असते ते मला माहिती नाही आणि मी विचारलं पण नाही. तीन सव्वातीन मिनिटांची एक बाजू. थिएटरात हेच पद वन्समोअर घेत घेत किती चालत असेल, आणि रेकॉर्डवर एवढ्यात बसवायचं म्हणजे एक जागा वाया घालवता येत नाही. म्हणूनही असेल, पण त्या सव्वातीन मिनिटांत एकही सूर पोकळ नाही.

रेकॉर्डशिवाय कागदपत्रांचा एक पत्र्याचा ट्रंक आहे तो आवर्जून मागा, स्वतःहून दाखवत नाहीत. त्यात नाटकांची हँडबिलं, थिएटरच्या दाराशी विकायचे ती पदांची छोटी पुस्तकं, रेकॉर्ड कंपन्यांच्या नव्या रेकॉर्डच्या याद्या, पिनांच्या रंगीत डब्या, कुत्र्याच्या चित्राची बिलं असं काय काय आहे. मला पाहिजे होतं बळवंतचं हँडबिल आणि मिळालं. पिवळा पडलेला पातळ कागद, घडीवर फाटायला आलेला, वर नाटकाचं नाव मोठ्या टायपात, खाली पात्रं, आणि तळाला तिकिटाचे दर. असल्या गोष्टींच्या नकला फार झाल्यात, झेरॉक्स काढून चहाच्या पाण्यात बुडवून जुनं म्हणून विकतात. काकांनी ओळखायची युक्ती दाखवली. खिळे जुळवून छापलेल्या कागदावर अक्षर दाबलेलं असतं, कागद पालथा करून अलगद बोट फिरवलं की उंचवटे लागतात, आणि भिंगातून बघितलं तर अक्षराच्या कडेला शाई किंचित जाड दिसते. झेरॉक्सची पाठ सपाट. मी डोळे मिटून बोट फिरवलं, मास्टर दीनानाथ ही अक्षरं बोटाला लागली. हे हँडबिल कुणाच्या तरी आजोबांनी नाटकाला जाताना खिशात घातलं असणार, नाटक बघितलं असणार, म्हणजे ज्यांचा आवाज मी तबकडीवर ऐकत होते त्यांना समोर गाताना बघून आलेल्या माणसाच्या खिशातला कागद माझ्या हातात होता. आठशे रुपये. मी घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका, इथले भाव रास्त आहेत.

आता जे कमी आहे तेही सांगायला पाहिजे. कॅसेटींचा भाग अगदीच विस्कळीत आहे. पुरानंतर लोकांनी आणून दिलेल्या पोत्यात तशाच पडून आहेत, वाजवून बघितलेल्या नाहीत, फितीवर दाब देणारा आतला नमदा बऱ्याच कॅसेटींचा निघालाय. पुण्याच्या अलूरकरांच्या काही कॅसेटी मला दिसल्या, त्या काळात त्यांनी मैफिलींचं केवढं काम केलं, त्यांची तरी नीट निगा व्हावी असं मनापासून वाटतं, काकांना तसं बोललेसुद्धा. लाँग प्लेच्या कव्हरांना दमट वास येतो, घरी आणल्यावर उन्हात नाही पण वाऱ्यावर ठेवा. यादी नाही, ऑनलाइन काही नाही, फोन लागला तर नशीब. दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद, त्या वेळात मात्र आधीपासून आत बसलेल्याला उठवत नाहीत. रोख पैसे न्या, स्कॅनर लावलाय पण तो भाच्याच्या खात्याचा आहे आणि भाचा असला तरच चालतो. बसायला एकच खुर्ची, बाकीच्यांनी सतरंजीवर. बायकांसाठी सांगते, मोकळेपणानं जा, काकू आतच असतात, चहा देतात, आणि त्यांना पदं काकांपेक्षा जास्त पाठ आहेत.

पॅकिंगला मात्र मानलं. मी मागं एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक रेकॉर्ड मागवली होती ती नुसत्या बबलच्या पिशवीतून आली, उघडली तर चार तुकडे, आणि पैसे परत द्यायला त्यांनी हात वर केले. काका रेकॉर्डपेक्षा बोटभर मोठे दोन पुठ्ठे घेतात, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे, मध्ये रेकॉर्ड, चारी बाजूनं सुतळी, आणि वर लिहितात आडवी ठेवू नये. एसटीनं जाणार म्हटल्यावर सांगितलं, वर रॅकवर टाकायची नाही, सीटखाली नाही, मांडीवर उभी धरायची. इस्लामपूरपर्यंत उभ्यानं आले पण पुडकं छातीशी धरून, कंडक्टरनं विचारलं देव हाय का काय, मी होय म्हटलं.

नवीन यंत्र घ्यायचा विचार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याची जुनी म्हणून जी यंत्रं मिळतात ती बरीचशी जोडजाड करून केलेली असतात, पेटी नवी, कर्णा नवा, आत कुठल्यातरी पेटीफोनची मोटर, आणि हात इतका जड आणि वाकडा बसवलेला की रेकॉर्डची रेघ खरवडून काढतो. दिवाणखान्यात शोभेला ठीक, रेकॉर्ड लावायला नाही. काका ती ठेवतच नाहीत. त्यांच्याकडं दुरुस्त केलेले पेटीफोन मधूनमधून असतात, स्प्रिंग बदलून, ग्रीस भरून, साउंडबॉक्सचं रबर नवीन घालून देतात, मी गेले तेव्हा एकही शिल्लक नव्हता, माझं नाव लिहून आलेय. आणि विजेवरच्या टर्नटेबलवर अठ्ठ्याहत्तर वाजवायची असेल तर सुई वेगळी लागते, लाँग प्लेची सुई बारीक असते, ती या रुंद रेघेच्या तळाला घासत राहते, नुसती खरखर येते.

कुणाच्या घरी माळ्यावर जुन्या रेकॉर्ड पडल्या असतील तर भंगारात देऊ नका, कृपा करा. लेबल गेलेल्या, टवका उडालेल्यासुद्धा काका बघतात, योग्य ते पैसे देतात, आणि पैसे नको म्हणणाऱ्याला त्याच्या आवडीच्या गाण्याची फाईल करून देतात. रंगभूमी दिनाच्या सुमाराला, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या आगंमागं गेलात तर गर्दी असते, बाहेरगावची नाटकवाली मंडळी येतात, ऐकायला चांगली सोबत मिळते पण बिननावाच्या खणाशी निवांत बसता येत नाही. त्यासाठी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी दहाला जा. आणि त्या खणात कुणाला संन्यस्तखड्ग नाटकातलं दीनानाथांचं कुठलंही पद सापडलं तर पहिला मान तुमचाच आहे, पण तुम्हाला घ्यायचं नसेल तर काकांकडं कराडच्या ताईंसाठी ठेवा एवढं सांगून या, त्यांना कळतं.